तरुणांना घेऊन परदेशात शॉर्ट टर्म मिशनला जाताना: तयारी कशी करावी?

पांथस्थ

नमस्कार मंडळी,

आमच्या युथ ग्रुपमधली काही मुलंमुली, सगळी १७ ते २४ मधली, पुढच्या वर्षी पूर्व आफ्रिकेतल्या एका मंडळीकडे (म्हणजे चर्चकडे) तीन आठवड्यांच्या मिशन ट्रिपला जाणारेत आणि लीडर म्हणून मी सोबत असेन. तिकडचे पाळक आमच्या पास्टरांच्या जुन्या ओळखीचे, त्यांनीच बोलावलंय. मुलं इतकी उत्साहात आहेत की आत्ताच यादी तयार आहे, शाळेच्या भिंती रंगवायच्या, अनाथाश्रमात दोन दिवस, बाजारात पथनाट्य, एक मेडिकल कॅम्प आणि रोज संध्याकाळी सुवार्ता सभा, म्हणजे येशूचा संदेश सांगायची सभा. यादी वाचून मला जरा धास्ती वाटली. त्यांचा उत्साह मला मोडायचा नाहीये, पण तीन आठवड्यांत हे सगळं करायचं तर तिकडच्या लोकांनी आमच्यामागे किती धावायचं?

तरुणांनी जावं असं मला अगदी मनापासून वाटतं. मिशनच्या इतिहासातली कितीतरी पानं तरुणांचीच आहेत. १८०६ साली विल्यम्स कॉलेजची पाच पोरं वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना करतात आणि चार वर्षांत परदेशात मिशनरी पाठवणारं अमेरिकेतलं पहिलं मंडळ उभं राहतं. १८८६ मध्ये माउंट हर्मनच्या उन्हाळी शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जायची तयारी दाखवली, त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट निघाली. पण ती माणसं बहुतेक आयुष्यभरासाठी निघायची, भाषा शिकायची, कित्येकांच्या कबरीही तिकडेच आहेत. सुट्टीत जाऊन यायची पद्धत रुजली ती त्यानंतर खूप उशिरा, म्हणजे १९५७ ला जॉर्ज व्हर्वर कॉलेजात असताना दोन मित्रांना घेऊन सुट्टीत मेक्सिकोला गेले त्यातून पुढे ऑपरेशन मोबिलायझेशन ही मिशन संस्था झाली, १९६० ला लॉरेन कनिंगहॅम यांनी यूथ विथ अ मिशन सुरू केलं, त्या सुमारास. थोड्या दिवसांच्या सेवेने तिकडच्या लोकांना नक्की काय मिळतं हा माझा प्रश्न आहे. जे जाऊन आलेत त्यांनी लिहाच, पण ज्यांनी अशा टीम्स आपल्याकडे उतरवून घेतल्यात त्यांचं मला जास्त ऐकायचंय.

रेशीमगाठ

वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चाललाय.

ग्रेसताई

पांथस्थ, मी त्या दुसऱ्या बाजूची. बरीच वर्षं परदेशात एका मंडळीच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्ट्यांच्या दिवसात आमच्याकडे एकामागून एक टीम्स यायच्या. चांगली मुलं होती हो, प्रार्थनेत रडणारी, लेकरांना खांद्यावर घेऊन फिरणारी. त्यातली काही आजही फोन करतात, त्यामुळे मी लिहितेय ते त्यांच्यावरचा राग म्हणून वाचू नका.

टीम येणार म्हटलं की आमच्याकडे काय व्हायचं ते सांगते. भाषांतराला इंग्रजी येणारे कोण, तर आम्ही शिक्षक, मग आमचे वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडायचे. पाळकांची गाडी टीमला, म्हणजे आजाऱ्यांच्या भेटी बंद. मंडळीतल्या बायका पहाटेपासून स्वयंपाकात, कारण पाहुण्यांना वेगळं पाणी वेगळं जेवण लागणार. शेतीची घाई असेल तरी हेच. आणि भिंत रंगवायची असेल तर रंगारी आमच्या मंडळीतच होते, त्यांना त्या महिन्यात काम नसायचं, तेच उभे राहून बघायचे की परदेशातली कॉलेजची मुलं ब्रश कसा धरतायत. हे कोणी बोलून दाखवणार नाही. पाहुणा देवाने पाठवलाय ही भावना तिथे इतकी खरी असते की अडचण सांगणं म्हणजे पाप वाटतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. ती यादी पाठवूच नका. "आम्ही येऊन हे केलं तर चालेल का" असं विचारलंत की उत्तर होच येणार, शंभर टक्के. त्यापेक्षा पाळकांना विचारा की आम्ही आलोच नसतो तर त्या तीन आठवड्यांत तुमच्या मंडळीत काय चाललं असतं? जे चाललं असतं त्यात तुमची मुलं हाताखाली घालायची. कार्यक्रम त्यांचा, पुढे उभं राहणारी माणसं त्यांची, तुमची मुलं खुर्च्या लावतील, भांडी घासतील, कोणी सांगितलं तर साक्ष देतील, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगतील.

आणि फक्त पाळकांना विचारून थांबू नका. बायकांना आणि तिथल्या तरुणांना वेगळं विचारायला लावा, उत्तरं फार वेगळी येतात.

चिकित्सक

मी ख्रिस्ती नाही पण सामाजिक संस्थेत काम करतो म्हणून लिहितोय. एवढा विमानखर्च करण्यापेक्षा तेच पैसे तिकडे पाठवले तर?

होंडुरासचा अभ्यास आमच्या क्षेत्रात बऱ्याचदा निघतो. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर तिथे चर्चच्या परदेशी टीम्सनी जाऊन घरं बांधली, त्यावर कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी काम केलं. टीमने बांधलेल्या घरामागे प्रवासासकट साधारण ३०,००० डॉलर पडत होते आणि स्थानिक ख्रिस्ती संस्था तसं घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधत होती. ज्या कुटुंबांना घरं मिळाली त्यांच्यात पुढे बघितलं तर घर परदेशी टीमने बांधलंय की स्थानिक लोकांनी याने काही फरक पडलेला दिसला नाही. जाऊन आलेल्यांच्या देणग्या, प्रार्थना, जगणं यातही टिकाऊ बदल फारसा सापडला नाही, आणि मला वाटतं खरा धक्का तो आहे, कारण "मुलांचं आयुष्य बदलतं" हेच तर मुख्य कारण सांगितलं जातं ना?

पांथस्थ

चिकित्सक, धन्यवाद, आकडे माहीत नव्हते. घरं बांधायला जाऊ नये हे पटलं. पण मग घरी बसून चेक पाठवावा हे मात्र पटत नाही. पैसे पाठवले की देणारा कायम देणारा आणि घेणारा कायम घेणारा राहतो. एका ताटात जेवलं, एकत्र आराधना केली, तिथली आजी रात्री अंधारात तोंडपाठ स्तोत्र म्हणते ते ऐकलं, तर आपल्या मुलांना कळतं की विश्वासात ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. हे पैशाने पाठवता येत नाही आणि आणताही येत नाही.

ग्रेसताई

हेच. शिकायला या, आमच्याकडे भरपूर आहे. फक्त मग देणगी गोळा करताना पत्रात तसंच लिहा. "आम्ही तिकडच्या गरिबांचं जीवन बदलायला चाललोय" असं लिहून पैसे मागायचे आणि मनात मात्र शिकायला जायचं, हे बरोबर नाही. लोक शिकण्यासाठीही देतात, खरं सांगितलं तर. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने २००५ च्या पाहणीवरून अंदाज काढला होता की एकट्या अमेरिकेतून वर्षाला १६ लाख प्रौढ माणसं अशा परदेशी ट्रिपला जातात. एवढी माणसं खरं लिहायला लागली तर नुसत्या त्या पत्रांनीच कितीतरी बदल होईल.

नीलिमा_क

अनाथाश्रमाचे दोन दिवस कृपया काढून टाका. मी लहान मुलांच्या समुपदेशनात आहे आणि याबद्दल मला गप्प बसवत नाही.

संस्थेत वाढणाऱ्या मुलाकडे सतत नवीन माणसं येतात, दोन दिवस कडेवर घेतात, फोटो काढतात, जाताना रडतात आणि परत दिसत नाहीत. मग ते मूल कोणीही आलं तरी लगेच गळ्यात पडायला लागतं. आपल्या मुलांना वाटतं किती प्रेमळ लेकरू, पहिल्याच भेटीत बिलगलं. समुपदेशकाला तिथे धोक्याची घंटा ऐकू येते, कारण घरात सुरक्षित वाढलेलं मूल अनोळखी माणसाला आधी आईच्या पदराआडून बघतं.

दुसरी गोष्ट, त्यातली बरीच मुलं अनाथ नसतातच. कंबोडियात २००५ ते २०१० मध्ये अशा संस्था तब्बल ७५ टक्क्यांनी वाढल्या आणि युनिसेफच्या म्हणण्याप्रमाणे तिथल्या चारातल्या जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. देश तर त्या काळात सावरत होता, मग संस्था का वाढल्या? पाहुणे आणि देणग्या येत होत्या म्हणून. मुलं दिसली की पैसे येतात हे कळलं की घराघरातून मुलं गोळा करणारेही तयार होतात, आईबापांना सांगायचं की शिक्षण मिळेल. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा प्रकार त्यात धरला, आणि २०१९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही संस्थांमधल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांचा उल्लेख आला.

हैतीचं तर बऱ्याच जणांना आठवत असेल. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर काही दिवसांत अमेरिकेतून आलेले दहा चर्चवाले ३३ मुलांना सीमेपलीकडे नेताना पकडले गेले. नंतर कळलं की त्या मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. हेतू वाचवायचाच असेल, पण मुलांना देशाबाहेर न्यायची रीतसर कागदपत्रं करायला कोणी थांबलं नाही.

लहान मुलांमध्ये काम करायचंच असेल तर मंडळीतल्या संडे स्कूलमध्ये करा, जिथे संध्याकाळी मूल आपल्या घरी जातं आणि पुढच्या रविवारी त्याची नेहमीची टीचर तिथेच असते.

रेशीमगाठ

नीलिमाताई, हे आमच्या कमिटीला वाचून दाखवणार आहे. फोटोंचं काय करावं?

नीलिमा_क

आपल्या चुलतभावाच्या मुलाचा जो फोटो त्याच्या आईला न विचारता टाकणार नाही, तो तिकडच्या मुलाचाही टाकायचा नाही. नाव, शाळा, गाव एकत्र तर कधीच नाही. जायच्या आधीच ठरवा की फोटो फक्त एकच जण काढेल आणि तिकडच्या मंडळीने बघून हो म्हटल्यावरच ते बाहेर जातील. मुलं कुरकुर करतील, करू देत.

मोकळा_विचार

राग मानू नका, स्पष्ट विचारतो. शेवटी हेतू धर्मांतराचा आहे ना? मग मदत, फुटबॉल, इंग्रजी शिकवणं हे सगळं त्यासाठीचं निमित्तच झालं की.

पांथस्थ

राग कसला, हा प्रश्न आमच्या मुलांनाही कोणीतरी विचारणारच. मी लपवणार नाही, आमचा प्रभूवर विश्वास आहे आणि कोणी विचारलं तर आम्ही साक्ष देणार. पण औषध, जेवण, शिकवणी यातलं काहीही सभेला येण्याच्या अटीवर दिलं तर ते सुवार्तेचाच अपमान आहे असं मी मानतो. भुकेल्याला "आधी ऐक मग देतो" म्हणणं येशूने कुठे केलंय? आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलाशी त्याच्या आईबापांच्या नकळत याबद्दल बोलायचं नाही, हे आमच्या टीमच्या नियमातच आहे.

वाटाड्या

कायद्याचं मी लिहितो, ट्रॅव्हलच्या कामात आहे. टुरिस्ट व्हिसावर धार्मिक प्रचार चालत नाही असे देश पुष्कळ आहेत. काही ठिकाणी सभेत बोलायला किंवा नुसतं स्वयंसेवक म्हणून राबायला पण वेगळी परवानगी लागते. "सगळे असेच जातात" हे उत्तर ऐकू नका. अडकलात तर तुम्हाला विमानात बसवून परत पाठवतील, पण ज्यांनी बोलावलं त्यांच्या दारात पोलीस नंतरही येत राहतात. नेपाळचं उदाहरण घ्या, २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुमचा देश वेगळा आहे, तरी तिथल्या वकिलातीकडून आणि मंडळीकडून लेखी माहिती घ्याच.

आणि ज्या भागात जाऊ नका असं सरकार सांगतंय तिथे देवावर विश्वास आहे म्हणून जायचं नाही. २००७ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या चर्चमधले २३ जण असेच थोड्या दिवसांच्या सेवेसाठी अफगाणिस्तानात गेले आणि रस्त्यातच तालिबानने पकडले, दोघांना मारलं, बाकीचे ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. सुटकेच्या बोलणीत कोरियाने तिथे मिशनरी पाठवायचेच नाहीत असं कबूल करावं लागलं.

मोकळा_विचार

आणि २०१८ मध्ये सुवार्ता सांगायला अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर गेलेला आणि तिथल्या आदिवासींकडून मारला गेलेला तो २६ वर्षांचा अमेरिकन मुलगा? तिथे जायला बंदी होती, शिवाय त्या लोकांना बाहेरच्या साध्या सर्दीतापाचीही प्रतिकारशक्ती नसण्याची शक्यता.

योसेफकाका

त्या मुलाच्या आईबापांचं दुःख आठवलं की आजही जीव तुटतो. त्याच्या धैर्याला मी काही म्हणणार नाही, पण ज्या माणसांवर प्रेम म्हणून जायचं त्यांना आपल्या नुसत्या श्वासानेही आजार होऊ शकतो हे माहीत असताना गेलं, तर ते प्रेम त्यांच्यापर्यंत पोचणार कसं? तरुण मुलांना "प्रभूसाठी जीव द्या" हे शिकवणारे खूप आहेत, थांबायला शिकवणारी वडीलधारी माणसं हवीत.

मी वेगळ्याच कारणाने लिहायला बसलो होतो. पांथस्थ, टीममधलं एखादं पोर मध्येच कोसळेल, याची तयारी ठेवा. घरची आठवण येईल, पोट बिघडेल, भांडण होईल, कोणीतरी म्हणेल मला परत जायचंय. तेव्हा योहान मार्क आठवा. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवलं, हा तरुण मदतनीस म्हणून बरोबर होता. कुप्र बेट झालं, पंफुल्यातल्या पिर्गा इथे पोचले आणि हा यरुशलेमला परत गेला. का गेला ते लिहिलेलं नाही. पुढे १५ व्या अध्यायात पौल म्हणतो ह्याला परत न्यायचं नाही, बर्णबा म्हणतो न्यायचंच, एवढा वाद की दोघे वेगळे झाले. बर्णबा त्याला घेऊन पुन्हा कुप्रला गेला. आणि पौलाच्या अखेरच्या दिवसातलं पत्र बघा, दुसरं तीमथ्य ४:११, तुरुंगातून लिहितोय की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. प्रत्येक टीममध्ये एक बर्णबा लागतो. तो लीडरच असला पाहिजे असं नाही, पण तो कोण हे निघायच्या आधी ठरवून ठेवा.

ग्रेसताई

योसेफकाका 🙏

डॉ_सुमती

मेडिकल कॅम्पबद्दल. त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलची परवानगी नसेल तर तुमच्यासोबत डॉक्टर असला तरी तो तिथे तपासू शकत नाही, आणि कॉलेजच्या मुलांनी गोळ्या वाटणं तर कुठेच नाही. एका दिवसात दोनशे लोकांना बीपीची गोळी देऊन आलात, पुढच्या महिन्यात ती गोळी कोण देणार? तिथलं आरोग्य केंद्र लसीकरण किंवा मच्छरदाण्यांचं काही करत असेल तर तिथे सामान उचलायला, रांग लावायला मुलं द्या. तेवढंच.

मुलांच्या तब्येतीचं जरा सविस्तर लिहिते. पूर्व आफ्रिका म्हणजे पिवळ्या तापाची लस आणि तिचं सर्टिफिकेट बघा, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, एकदा घेतलं असेल तर पुन्हा नको. टायफॉइड, धनुर्वात बघून घ्या. मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि परत आल्यावर ती लगेच बंद करायची नसते, डॉक्सीसायक्लिन असेल तर परतल्यावरही चार आठवडे, अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. इथेच मुलं चुकतात, घरी आलो म्हणजे सुटलो असं वाटतं. परतल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ताप आला तरी पहिलं वाक्य डॉक्टरांना हेच सांगायचं की मी तिकडे जाऊन आलोय. कुत्रं चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना.

आणि सगळे रोगांना घाबरतात पण तरुण प्रवाशांचा जीव जास्त जातो तो रस्त्यावर. रात्रीचा प्रवास नाही, पिकअपच्या मागे उभं राहून जाणं नाही, हेल्मेटशिवाय बाइक टॅक्सी नाही, लीडर कितीही घाईत असला तरी. विमा घेताना त्यात आजाऱ्याला मोठ्या हॉस्पिटलात किंवा देशाबाहेर हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचून घ्या.

चिकित्सक

परत आल्यानंतरचं काय ठरलंय? त्या होंडुरासच्या अभ्यासात मला वाटतं दुखणं तिथेच होतं, जाऊन आलेल्यांना नंतर कोणी विचारलंच नाही.

योसेफकाका

बरोबर पकडलंत. २००३ साली अमेरिकेत शॉर्ट टर्म मिशनसाठी सात मानकं ठरवली, त्यात शेवटचं हेच आहे, परतल्यानंतरचा पाठपुरावा. परक्या देशातल्या कल्चर शॉकवर कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकातच लिहिलंय, पण परतल्यावर आपल्याच घरात परकं वाटतं त्याबद्दल मुलांना कोणी सांगत नाही. आई विचारते कसं झालं, पोरगं म्हणतं छान झालं, संपलं. आतमध्ये मात्र काहूर. आठवड्याने एकदा बसा, मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा, मग सहा महिन्यांनी. भावनेपेक्षा कामाचं विचारा: तिकडच्या कोणाशी शेवटचं कधी बोललास, कोणासाठी रोज प्रार्थना करतोस, आपल्या शहरात आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला घरी बोलावलंस का?

पांथस्थ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिकडच्या पाळकांशी बराच वेळ बोललो. ग्रेसताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आधी ते हसले, मग जरा वेळ गप्प, आणि मग म्हणाले की त्या आठवड्यांत शाळांना सुट्टी असते आणि त्यांचेच तरुण दरवर्षी आजूबाजूच्या मंडळ्यांतल्या मुलांचं बायबल शिबिर घेतात, गाणी, धडे, फुटबॉल सगळं बसवलेलं असतं, फक्त स्वयंपाकघरात आणि मैदानावर माणसं कमी पडतात. भिंतींबद्दल विचारलं तर म्हणाले रंगवलेल्याच आहेत. मग त्यांच्या पत्नी फोनवर आल्या, त्यांनी स्वतःहून सांगितलं की टीम छोटी ठेवा, पाणी लांबून आणावं लागतं. हे मी विचारलं नसतं तर कधीच कळलं नसतं.

तर ठरलं असं की यादी पूर्ण रद्द, शिबिर त्यांचं, आम्ही हाताखाली. टीम निम्मी केली. अर्ध्या मुलांना या वर्षी थांबावं लागणार, त्यांना सांगताना जड गेलं, पण ती इकडून शिबिराचं साहित्य आणि प्रार्थना सांभाळणार. तिकडची भाषा थोडी थोडी आत्तापासून शिकतोय, ऑनलाइन, त्यांच्याच युथमधली एक मुलगी शिकवतेय आणि तिला आम्ही त्याची फी देतोय. आणि सगळ्यात आनंदाचं म्हणजे पुढच्या वर्षी त्यांच्यातले दोघे आमच्याकडे येणार, आमच्या तरुणांना शिबिर कसं घ्यायचं ते शिकवायला.

एक राहिलं. दोन मुलं १७ ची आहेत. त्यांच्यासाठी काय काय करावं?

वाटाड्या

दोन्ही पालकांच्या सहीचं नोटराइज्ड संमतीपत्र, त्यात प्रवासाच्या तारखा, सोबतच्या मोठ्या माणसाचं नाव आणि तातडीच्या उपचारांची परवानगी. जन्मदाखल्याची प्रत बरोबर ठेवा, काही देशांत विमानतळावर मागतात. एक संच तुमच्याकडे, एक मुलाकडे. विमान कंपनीचे अल्पवयीनांचे नियम वेगळे असतात ते तिकीट काढायच्या आधी विचारा.

नीलिमा_क

आणि टीमसाठी लेखी नियम. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटा नाही, तुमच्या टीममधला असो की तिकडच्या मंडळीतला. मुलींसोबत किमान एक मोठी बाई टीममध्ये हवीच. काही खटकलं तर मुलाने कोणाला सांगायचं त्या दोन माणसांची नावं आधी द्या, त्यातलं एक टीमबाहेरचं, इकडे घरी असलेलं, म्हणजे लीडरबद्दलच तक्रार असली तरी वाट असेल. हे पालकांच्या मीटिंगमध्ये मुलांच्या समोर वाचा.

पांथस्थ

रविवारी पालकांची मीटिंग आहे, तिथेच वाचतो. टीमबाहेरचं माणूस म्हणून आमच्या संडे स्कूलच्या जुन्या बाईंना विचारतो, मुलं त्यांना काहीही सांगतात.